पुण्याच्या हवेत ओंडक्याच्या चकत्या सुकवायच्या कशा

आधी एकच गोष्ट सांगतो, ही मला कुणी वेळेवर सांगितली असती तर माझ्या आठ चकत्या वाचल्या असत्या. पुण्यात लाकूड सुकवताना पावसाळा तेवढा घातक नाही, जेवढा मार्च ते मे घातक आहे. आपल्याला वाटतं कुरडया-पापड वाळवतो तसं गच्चीवर कडक उन्हात टाकलं की काम झालं, आणि वाळतंही लाकूड, नाही असं नाही, पण मधोमध फाटून वाळतं.

माझं असं झालं की आमच्या सोसायटीतल्या गुलमोहराची एक जाडजूड फांदी मार्चमध्ये रीतसर परवानगी काढून उतरवली, आणि ती कापणाऱ्यालाच मी म्हणलं जरा दोन-दोन इंचाच्या चकत्या काढून दे रे, छान टेबलं करू. आठ चकत्या गच्चीवर ओळीने मांडल्या, वर अभिमानाने फोटोबिटो काढले. तिसऱ्या रात्री वरून टाक्, टाक् असे आवाज यायला लागले, आईला वाटलं गच्चीत कुणीतरी शिरलंय, मी बॅटरी घेऊन वर गेलो तर चकत्या फुटत होत्या. सकाळी बघितलं तर आठच्या आठ चकत्यांना कडेपासून मधल्या ठिपक्यापर्यंत कलिंगडाची फोड काढल्यासारखी खाच पडलेली. त्यातल्या दोन आता कुंड्यांखाली आहेत, बाकीच्या गेल्या.

हे का होतं ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुचतं. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं. एक पेशींच्या पोकळीत मोकळं साठलेलं, आणि दुसरं पेशींच्या भिंतीतच मुरलेलं. मोकळं पाणी आधी जातं आणि ते जाताना लाकडाचं वजन कमी होतं पण आकार बदलत नाही. साधारण २८-३० टक्क्यांपर्यंत ओल खाली आली की मोकळं पाणी संपतं, भिंतीतलं जायला लागतं आणि तिथून लाकूड आक्रसायला सुरुवात होते. म्हणून पहिले काही दिवस सगळं छान दिसतं आणि मग अचानक फुटतं.

आता गंमत अशी की लाकूड सगळीकडून सारखं आक्रसत नाही. उंचीत जवळजवळ नाहीच, मधल्या ठिपक्यापासून सालीकडे थोडंसं, आणि वर्तुळांच्या दिशेने, म्हणजे घेराच्या बाजूने, त्याच्या साधारण दुप्पट. हिशोबच करून बघा ना. एक फूट व्यासाच्या चकतीचा घेर जवळपास ३८ इंच. समजा हे लाकूड पूर्ण कोरडं होईपर्यंत मध्यापासून कडेकडे ४ टक्के आणि घेराला ८ टक्के आक्रसणारं आहे, तर घेर जितका कमी व्हायला बघतो तितकी जागा आतून मिळतच नाही, ४ टक्क्यांचा फरक उरतो, म्हणजे दीड इंच. आपण काही लाकूड शून्य टक्क्यापर्यंत वाळवत नाही, तरी पाऊण-एक इंचाची तूट राहतेच. ती तूट कुठूनतरी भरून निघणार, म्हणून चकती एका जागी उघडते. थोडक्यात, पूर्ण गोल, मधल्या ठिपक्यासकट असलेली चकती फुटू पाहणारच, तो तिचा स्वभाव आहे, आपण फक्त तिला समजावू शकतो.

त्यात भर म्हणजे ओंडका ही स्ट्रॉची घट्ट बांधलेली जुडी आहे असं समजा. पाणी स्ट्रॉच्या तोंडातून सटासट जातं, बाजूने हळू, कापलेल्या तोंडाकडून बाजूच्यापेक्षा दहा-पंधरा पट वेगाने लाकूड वाळतं. चकतीत तर वरखाली दोन्हीकडे सगळी तोंडंच. कड आणि पृष्ठभाग वाळून आक्रसला, आत अजून ओलं, की ताण आलाच. म्हणजे आपलं काम दोनच गोष्टींचं, एक म्हणजे वाळणं हळू करायचं आणि दुसरं म्हणजे जमेल तिथे तो मधला ठिपका कापातून काढून टाकायचा.

झाड कुठलं हे अर्धी लढाई आहे. पुण्यात नशीब चांगलं आहे आपलं, कारण रस्तोरस्ती जे डेरेदार रेन ट्री उभे आहेत ते आक्रसण्याच्या बाबतीत फारच सभ्य लाकूड, मध्यापासून कडेला २ टक्क्यांच्या आसपास आणि घेराला साडेतीनच्या आत. दोन्हीतला फरक मुळात कमी, त्यामुळे चकत्या टिकायची शक्यता बरीच जास्त, वर मधला भाग चॉकलेटी आणि कड पिवळसर पांढरी, पॉलिश केल्यावर लोक अक्रोड आहे का विचारतात. फक्त घासताना धूळ नाका-घशाला झोंबते, मास्क लावाच. आंबा पण छान, पण त्याला बुरशीचे निळे-काळे डाग आणि कीड दोन्ही फार पटकन लागतात, पडल्यावर आठवडाभर पडून राहिला तर गेला. गुलमोहर मऊ आणि किड्यांना प्रचंड आवडता, शिकायला घ्या, फर्निचरला नको. टेकड्यांवर गिरिपुष्प भरपूर दिसतं, ते कडक आणि टिकाऊ असतं पण जाड ओंडका क्वचितच मिळतो, स्टुलाच्या पायांना उत्तम.

पण मिळवताना शहाणपणा करा. झाड तोडायचं म्हणजे १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, झाड तुमच्या स्वतःच्या अंगणात असलं तरी, आणि ती महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून. जुलैत वाऱ्या-पावसात झाड पडतं, अग्निशमनवाले येऊन तुकडे करतात आणि ओंडके फूटपाथवर पडून राहतात, ते बेवारस दिसले तरी रस्त्यावरचं झाड महापालिकेचं असतं, विचारून घ्या. साग, चंदन, खैर यांच्या नादी लागू नका, आणि आंबा-फणस-जांभळाचा मोठा ओंडका गावाहून टेम्पोत घालून आणायचा असेल तर वाहतुकीचा परवाना लागतो का ते वनविभागाला आधी विचारा. मी सोसायटीतल्या, ओळखीच्या बंगल्यातल्या फांद्यांवरच भागवतो.

ओंडका हाती आला की त्याच दिवशी कामाला लागायचं. उद्या बघू म्हणलं की तोंडावर बारीक बारीक केसासारख्या चिरा येतात आणि त्या आत किती गेल्यात ते कळत नाही. पहिलं काम म्हणजे दोन्ही तोंडं बंद करणं. घरात उरलेला ऑइल पेंट असतोच कुणाच्यातरी माळ्यावर, त्याचे दोन जाड हात, किंवा मेणबत्त्यांचं मेण वितळवून ब्रशने. मेण थेट गॅसवर नाही वितळवायचं, भडकतं, पातेल्यात पाणी आणि त्यात डबा ठेवून. मला पेंटपेक्षा मेण जास्त भरवशाचं वाटतं, पेंट ओल्या लाकडावर कधीकधी सुटतो. ब्रश, मेण, सँडपेपर हे सगळं बोहरी आळीत एका फेरीत मिळतं, गाडी मात्र लांबच लावा.

दुसरं काम साल काढायचं. मला कळतंय की साल ठेवायची इच्छा असते, जंगली लूक वगैरे, पण पावसाळ्यात पडलेल्या झाडाची साल तशीही नंतर सुटून येते, आणि तोवर तिच्याखाली किड्यांची वसाहत झालेली असते. ओली असताना ती कोयत्याच्या पाठीने किंवा जुन्या पटाशीने संत्र्याच्या सालीसारखी निघते, महिन्याने तीच काढायला घाम फुटतो. सालीखालची नैसर्गिक वळणाची कड तशीच राहते, तीच खरी सुंदर.

आता कापायचं कसं. इथे तुम्हाला काय बनवायचंय त्यावर ठरतं.

टीपॉय किंवा बाक हवा असेल तर चकतीचा हट्ट सोडा आणि ओंडका उभा चिरून फळ्या काढा, दीड-दोन इंची, आणि मधला ठिपका ज्या फळीत येईल ती बाजूला ठेवून तिच्यातून पाय काढा. भवानी पेठेत टिंबर मार्केटला चिरून देणारे आहेत, पण रस्त्याकडेचं झाड म्हणलं की ते आधी खिळे विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे, आपल्याकडे प्रत्येक झाडाला कुठल्यातरी क्लासची पाटी ठोकलेली असते आणि दहा वर्षांत लाकूड तो खिळा गिळून वरून गुळगुळीत होतं. एक चांगलं चुंबक दोऱ्याला बांधून ओंडक्यावरून सगळीकडे फिरवा, जिथे ओढलं जाईल तिथे खडूने फुली मारा. अगदी खोल गेलेला खिळा चुंबकाला सापडत नाही, त्यामुळे पातं गेलं तर पैसे कोण देणार हे आधीच बोलून घ्या, नाहीतर तिथे उभ्या उभ्या वाद होतो.

चकतीच हवी असेल तर तीन युक्त्या. एक, ओंडका काटकोनात न कापता तिरका कापा, केळ्याचे वेफर करताना तिरके काप घेतो तसं. चकती लांबट अंडाकृती येते, स्ट्रॉ तिरके कापले जातात आणि तडा जायचं प्रमाण खूप कमी होतं, दिसायलाही गोलापेक्षा बरी वाटते. दोन, गोलच पाहिजे तर आधीच कडेपासून मधल्या ठिपक्यापर्यंत करवतीने एक सरळ काप देऊन ठेवा. सगळा ताण त्या कापातून बाहेर पडतो, काप पाचरीसारखा रुंद होत जातो, आणि पूर्ण वाळल्यावर तेवढ्याच मापाची दुसऱ्या लाकडाची पाचर तिथे चिकटवायची. आपण ठरवलेल्या जागी फुटली की तिला डिझाइन म्हणता येतं. तीन, मधोमध ड्रिलने मोठं भोक पाडा, म्हणजे ठिपकाच गेला, पण हे लहान चकत्यांना थोडंफार उपयोगी पडतं, फूटभर चकतीला एकट्याने पुरत नाही. आणि काहीही करा, दीड इंचापेक्षा पातळ चकती काढू नका, ती चिरेल किंवा पापडासारखी वाकेल.

अख्ख्या ओंडक्याचं स्टूल, बसायच्या उंचीचं, ते सगळ्यात अवघड. एक फूट व्यास आणि दीड फूट उंचीचा ओला ओंडका तीस किलोच्या घरात जातो आणि आतपर्यंत वाळायला दोन वर्षं सहज, जास्तही. जपानमध्ये घराच्या खांबांना जी बाजू भिंतीकडे जाणार तिथे वरपासून खालपर्यंत मध्यापर्यंत जाणारा काप मुद्दाम देतात, सेवारी म्हणतात त्याला, तेच इथे करायचं. भिंतीकडे जाणारी बाजू आधी ठरवा आणि काप तिकडे द्या. माझ्या एका स्टुलाला असा काप आहे, चार वर्षांत तो बोटभर रुंद झाला, पुढची बाजू मात्र अजून अखंड आहे.

चेनसॉ स्वतः चालवत असाल तर बूट, चष्मा, कानाला काहीतरी आणि ओंडका हलणार नाही असा टेकवलेला, एवढं नसेल तर कापणाऱ्याला पैसे द्या, मी तेच करतो.

कापल्यावर चकतीच्या दोन्ही बाजूंना पातळ मेण द्यायचं, कडेला नाही. दोन्ही बाजू अगदी ठार बंद केल्या तर बुरशी येते, म्हणून पातळ, वेग कमी व्हावा इतकंच.

मांडणी. जमिनीला आणि भिंतीला लाकूड टेकलं नाही पाहिजे, वाळवीला पूल मिळतो. विटांवर फूटभर उंच घ्या, त्यावर पाऊण-एक इंच जाडीच्या कोरड्या लाकडी रिपा, त्यावर फळी, पुन्हा रिपा, पुन्हा फळी. रिपा दर फूट-दीड फुटावर आणि वरच्या रिपा खालच्या रिपांच्या बरोब्बर डोक्यावर आल्या पाहिजेत, नाहीतर फळी त्या दोन रिपांच्या मधल्या फटीत वाकते आणि तशीच वाळते, मग रंधा मारून मारून अर्धी फळी भुसा होते. सगळ्यात वर वजन, मी जुन्या शहाबादी फरशा ठेवल्यात. वर पत्रा, बाजू उघड्या. चकत्या असतील तर रिपांवर आडव्या ठेवून दर आठवड्याला पालथ्या करायच्या, आमच्याकडे हे रविवारी पोह्यांनंतरचं काम आहे.

जागा म्हणाल तर सावली आणि खेळती हवा, ऊन अजिबात नको. पार्किंगमधला कोपरा सर्वोत्तम, पण सेक्रेटरींना आधी सांगून, नाहीतर भंगारवाला घेऊन जातो, घेऊन गेलाय. बाल्कनीत ठेवणार असाल तर पश्चिमेची बाल्कनी नको, संध्याकाळचं ऊन थेट पोटात जातं.

आता पुण्याचं वेळापत्रक, माझ्या मते खरी गोम इथे आहे. लाकूड हवेशी जुळवून घेतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असेल तर लाकूड १८ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, ६५ असेल तर १२, आणि ३० असेल तर ६. म्हणजे जुलैत कापलेलं लाकूड पावसाळाभर फार खाली जाऊच शकत नाही, हवाच ओली आहे, आणि तेच आपल्याला पाहिजे, मोकळं पाणी सावकाश निघून जातं आणि ताण येत नाही. या काळात फक्त बुरशीवर लक्ष. पांढरी लव दिसली की कोरड्या ब्रशने घासा, ढिगाच्या बाजूने टेबलफॅन दिवसातून दोन-तीन तास लावा, फॅनचं तोंड थेट लाकडाच्या तोंडावर नको. गणपती उठले की ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं, दुपारी हवा एकदम कोरडी होते, इथे पहिल्यांदा गोणपाट टाकायचं, ढिगाच्या वाऱ्याकडच्या बाजूला. दिवाळी ते होळी हा सुकवायचा राजा काळ, थंड पण कोरडी हवा, काहीही न करता लाकूड आपलं वाळत राहतं. होळीपर्यंत दोन इंची चकत्या बऱ्यापैकी मुरलेल्या असतात, मग उन्हाळ्यात त्या गोणपाटात गुंडाळून घरात आतल्या खोलीत न्यायच्या. आणि उन्हाळ्यातच कापलेलं काही मिळालं, माझ्यासारखं, तर चकत्या काढूच नका. अख्खा ओंडका तोंडं बंद करून सावलीत पडू द्या, पहिला जोराचा पाऊस झाला की मग कापा.

कीड. फिकट रंगाच्या कडेच्या लाकडात पिष्ट असतं आणि ते खायला बारीक भुंगे येतात. ओळख सोपी, खाली टाल्कम पावडरसारखं पीठ पडलेलं दिसतं आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं. उपाय ओलं असतानाच करायचा, कारण ओल्या लाकडात औषध आत मुरतं. टाकणखार आणि बोरिक पावडर, तीच कॅरमवर टाकतो ती, पण पाकिटावर बोरिक लिहिलंय ना ते बघून घ्या, दोन्ही प्रत्येकी २५ ग्रॅम एक लिटर कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने दोन-तीन वेळा भरपूर लावा आणि एक दिवस प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा. हे मेण लावायच्या आधी, नंतर केलं तर वरूनच ओघळून जातं. हातमोजे घाला, लहान मुलं आणि मांजर लांब, आणि ज्यावर थेट खायचे पदार्थ ठेवणार अशा पोळपाट-ट्रेला हे नको.

वाळलं का हे कसं कळायचं? ठोकून आवाज ऐकणं, गालाला लावून गार लागतं का बघणं, हे सुतारकाका करतात आणि त्यांना कळतंही, आपल्याला नाही कळत. आपल्याकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे. ढिगातल्या एका चकतीवर तारीख आणि वजन पेन्सिलने लिहा, दर पंधरा दिवसांनी पुन्हा वजन. सुरुवातीला झपाट्याने उतरेल, मग हळू, आणि सलग दोन-तीन वेळा तेच वजन आलं की हवेशी जुळलं. टक्केवारीच पाहिजे असेल तर त्याच लाकडाचा एक छोटा तुकडा घ्या, टोकाचा नाही, मधून कापलेला. वजन करा, ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा वजन. आधी २४० ग्रॅम आणि नंतर १६० तर गेलेलं पाणी ८० ग्रॅम, भागिले कोरडं वजन १६०, म्हणजे ५० टक्के. भागायचं कोरड्या वजनाने, ओल्याने नाही, इथे सगळे चुकतात. घरचा ओव्हन वापरणार असाल तर घरच्यांना आधी विचारा, आंब्याचा वास बरा येतो, बाकीच्यांचा नाही. सुयांचा मॉइश्चर मीटर ऑनलाइन हजार-दोन हजारात मिळतो, पण त्याच्या सुया वरवर जातात आणि ३० च्या वरचा आकडा भरवशाचा नसतो, त्यामुळे एखादा तुकडा ताजा कापून आतल्या बाजूला लावून बघा.

पुण्यातल्या घरात वापरायचं फर्निचर १० ते १२ टक्क्यांना करायला घ्या. दोन इंची चकतीला सहा-आठ महिने, दीड इंची फळीला आठ महिने ते वर्ष, एवढं धरून चाला. लोक इंचाला एक वर्ष म्हणतात, ते अंदाजापुरतं ठीक आहे, लाकूड कुठलं आणि ठेवलं कुठे यावर खूप फरक पडतो.

एवढं करून तडा गेलाच तर लगेच भरायला धावू नका. अजून वाळायचं असेल तर भरलेला माल तसाच बाहेर ढकलला जाईल किंवा शेजारी नवीन तडा जाईल. वजन स्थिर झाल्यावर बारीक चीर अ‍ॅरल्डाइटमध्ये त्याच लाकडाचा भुसा मिसळून भरा, मोठीला डमरूच्या आकाराचा कडक लाकडाचा तुकडा आडवा खाच पाडून बसवा, चिरेच्या दोन्ही बाजू धरून ठेवतो. गिरिपुष्पाचे उरलेले तुकडे याच्यासाठी मी डब्यात साठवून ठेवतो.

आणि पाय जोडताना लक्षात ठेवा की लाकूड वाळलं तरी हलायचं थांबत नाही, जुलैत फुगणार आणि एप्रिलमध्ये आक्रसणार. लोखंडी पायांच्या पट्टीला गोल भोकं न पाडता फॅब्रिकेटरला लांबट भोकं पाडायला सांगा, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहते. तेल किंवा पॉलिश वरच्या बाजूला जेवढे हात, तेवढेच खालच्या बाजूलाही द्यायचे, खाली कुणाला दिसतंय म्हणून सोडलं तर टेबल पहिल्याच पावसाळ्यात वाटीसारखं वळतं, आमच्या हॉलमधलं वळलंय, चहाचा कप ठेवला की मधोमध सरकत येतो.